गणपतीला गावी जाताना फिशटँकवर कॅमेरा कसा लावावा

तुमचा प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर फ्लॅट, हॉलमध्ये ४ फुटी प्लँटेड टँक, त्यात ४ एंजल, टेट्रांचा थवा, थोडे कोरिडोरा आणि एक सकर. गणपतीला सगळं घर ११ दिवस कणकवलीकडे गावी जाणार. मागच्या वर्षी परत आलात तेव्हा ६ टेट्रा मेलेले होते. ते कधी आणि कशाने गेले, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून या वेळी कॅमेरा लावायचाय, आणि ३,००० रुपयांच्या आत कोणता घ्यावा असं विचारलंय.

मी गेली १८ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत घरोघरी टँक लावायचं आणि सांभाळायचं काम करतो. कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतोच. पण त्याआधी एक सांगा. गावाला बसून मोबाईलवर काहीतरी बिघडलेलं दिसलं, तर दोन-तीन तासांत तुमच्या घरात कोण जाऊ शकतं? शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचा मित्र, ठाण्यातच राहणारा मेहुणा, कुणीही चालेल, पण किल्ली त्यांच्याकडे आजपासून हवी. असं कुणीच नसेल तर कॅमेऱ्याचे पैसे बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपावर घाला. मासे वर येऊन तोंड मारताना ४०० किलोमीटरवरून नुसते बघत बसणं फार वाईट असतं. मी ते केलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी ४ दिवस नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. घरच्या टँकसमोर कॅमेरा लावला होता, अगदी मधोमध. लाकूड, त्यावरचं मॉस, समोरून जाणारे एंजल, सगळं सुरेख दिसायचं. दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली आणि कॅनिस्टर फिल्टरचा (टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर) इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा छोटा पंखा, अडकला. मी दिवसातून दहा वेळा बघत होतो, पण फिल्टरचं पाणी जिथून पडतं तो पाइप चौकटीतच नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला लागलेले दिसले. शेजाऱ्यांनी जाऊन एअर पंप चालू केला तोपर्यंत ९ रमीनोज टेट्रा आणि रुपयाएवढा असल्यापासून वाढवलेला एक एंजल गेला होता. तेव्हापासून मी कुणाकडेही कॅमेरा लावतो तो आधी पाण्याच्या रेघेवर. मासे काय, त्या चौकटीत येतातच.

चौकटीत चार गोष्टी हव्यात. पहिली, पाण्याची वरची रेघ. दुसरी, फिल्टरचं आउटलेट आणि त्यामुळे पाण्यावर उठणारी हालचाल. आउटलेट पाण्यात खोल बुडालेलं असेल तर जाण्याआधी थोडं वर घ्या, म्हणजे लाट दिसेल आणि पाण्यात हवाही जास्त मिसळेल. तिसरी, थर्मामीटर. काचेची लाल रेघवाली नळी कॅमेऱ्यात वाचता येत नाही. वायर आणि प्रोब असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो टँकच्या काचेला बाहेरून चिकटवा आणि आकडे कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून ठेवा. या एलसीडीकडे तिरकं पाहिलं की आकडे पुसट होतात, म्हणून आधी मोबाईलवर वाचता येतात का ते बघा. चौथी गोष्ट म्हणजे एक मोठी लाल टिकली. निघायच्या दिवशी पाणी जिथवर आहे तिथे काचेवर बाहेरून लावायची. १.५ फूट रुंद आणि १.५ फूट उंचीचा ४ फुटी टँक म्हणजे सगळा भरला तर अडीचशे लिटर. त्यातलं पाणी रोज थोडं उडतं, उघडा टँक असेल तर जास्त. ११ दिवसांत ते किती खाली गेलं हे टिकलीमुळे एका नजरेत कळतं. आणि पातळी एका रात्रीत उतरली तर ते बाष्पीभवन नव्हे, गळती आहे. तसं दिसलं की लगेच फोन करा.

कॅमेरा ठेवायची जागा. बाजारात मिळणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यांची दृष्टी चांगली रुंद असते, त्यामुळे तो भिंतीवर लांब लावला तर टँक चौकटीच्या मध्यावर आगपेटीएवढा दिसतो. २ ते २.५ फुटांवर एखादं स्टूल ठेवा आणि लेन्स पाण्याच्या रेघेच्या किंचित खाली येईल असं बघा. या उंचीवरून पाण्याचा वरचा थर आतून आरशासारखा दिसतो. फिल्टर चालू असेल तर तो आरसा सतत हलतो, बंद पडला की तो थिजतो. लाट वरून बघण्यापेक्षा ही खूण कितीतरी स्पष्ट असते. टँकच्या झाकणावर मात्र कॅमेरा ठेवू नका. तिथली वाफ आणि लाइटची उष्णता त्याला मानवत नाही.

काचेतली प्रतिबिंबं हा दुसरा त्रास. समोर खिडकी असेल तर पडदा ओढून जा, आणि कॅमेरा काचेला अगदी काटकोनात न ठेवता थोडा तिरका ठेवा. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा दिवाही काचेत दिसतो. ॲपमधून बंद होत असेल तर करा, नाहीतर काळी टेप लावा. टँकचा लाइट लागला की सगळं पांढरं फटफटीत दिसत असेल तर खोली फार अंधारी आहे. कॅमेरा खोलीच्या हिशेबाने उजेड मोजतो आणि टँक भाजून काढतो. चित्रात आडव्या पट्ट्या सरकत असतील तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, आपली वीज तीच आहे.

रात्रीचं गणित वेगळं. कॅमेऱ्याची नाइट व्हिजन काचेतून टँकमध्ये चालत नाही. त्यातले इन्फ्रारेड दिवे काचेवर आपटून थेट लेन्समध्ये परततात आणि मधोमध पांढरा गोळा दिसतो. पाणीही इन्फ्रारेड पटकन शोषून घेतं, त्यामुळे मागचं काही उजळत नाही. ती बंद करा, कॅमेरा रंगीत मोडवर ठेवा आणि हॉलमध्ये एक झिरोचा बल्ब चालू ठेवून जा. मासेही त्या मंद उजेडात बिचकत नाहीत.

आता कोणता कॅमेरा. तुमच्या बजेटमध्ये साधा घरातला वाय-फाय कॅमेरा पुरतो, फार तर ३ मेगापिक्सेलचा, आणि थोडे पैसे उरतातही. फिरणारा असला तर चांगलं, पण फिरवून बघायची सवय लावून घेऊ नका. एकदा फिरवला आणि परत नीट जागेवर आला नाही तर ठरवलेली चौकट जाते. मेमरी कार्ड बसणारा घ्या. मागच्या वर्षी नेमकं काय झालं हे तुम्हाला कळलं नाही, त्याचं उत्तर या कार्डात मिळेल. दर सेकंदाला १ मेगाबिटने रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात ५-६ दिवस राहतात आणि नंतर जुनं पुसलं जातं. ११ दिवसांसाठी १२८ जीबीचं घ्या. यातले बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. तुमच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झच्या जोडीला २.४ चं वाय-फायचं नाव वेगळं दिसतंय का ते बघून घ्या. कॅमेरा जोडला जात नाही म्हणून मला येणाऱ्या फोनांमध्ये सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं.

जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावायचा विचार असेल तर तो सोडा. बंद घरात ११ दिवस अखंड चार्जिंगला लावलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगू शकते. घरात कुणी नसताना ही जोखीम नको.

कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲप वापरा. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत थेट यायची वाट) उघडा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती फायबर जोडण्यांवर इंटरनेटचा एकच पत्ता (आयपी) अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तसं केलं तरी बाहेरून पोचता येत नाही. शिवाय उघडा पोर्ट धोक्याचा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले अनेक कॅमेरे ताब्यात घेतले, ते कंपनीचा मूळ पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा, आणि गावाला जाण्याआधी ज्या मोबाईलवर बघणार त्यात लॉगिन करून ठेवा. गावी रेंज नाही, ओटीपी येत नाही आणि ॲप पुन्हा लॉगिन मागतंय, अशा कात्रीत सापडू नका. पत्नीच्या फोनवरही शेअर करून ठेवा. किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना कॅमेरा आहे हे स्पष्ट सांगा. तो आवाजही टिपतो, हेही सांगा. आवाज मी मुद्दाम चालू ठेवायला सांगतो, कारण फिल्टरची घरघर बदललेली कानाला आधी कळते.

मोशन अलर्ट बंद करा. मासे हलणारच, दिवसाला शेकडो नोटिफिकेशन येतील आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही ती बघायची सोडून द्याल. त्याऐवजी दिवसातून दोनदा बघा. त्यातली एक वेळ सकाळी ७ च्या आसपासची, टँकचा लाइट लागायच्या आधीची. रात्रभर झाडंही ऑक्सिजन वापरत असतात, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. त्या वेळी मासे खालीच आपापल्या जागी असतील तर पुढचा दिवस बहुतेक ठीक जातो. टेट्रांचा थवा वर चिकटून भराभर तोंड उघडझाप करत असेल तर लगेच फोन करा. मागच्या वर्षीचे तुमचे टेट्रा कशाने गेले हे मी आता सांगू शकत नाही, पण बंद घरात असं होतं तेव्हा मला बहुतेक वेळा रात्री थांबलेला फिल्टर सापडलेला आहे.

म्हणूनच विजेचा विचार कॅमेऱ्याइतकाच करा. वीज गेली की कॅमेराही जातो आणि राउटरही, म्हणजे गरज असते नेमक्या त्याच वेळी तुम्ही आंधळे होता. राउटर आणि फायबरचा डबा यांच्यासाठी छोटा मिनी-यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टँकचा सॉकेट त्याच्यावर आहे का ते तपासा. बहुतेक घरांत पंखे आणि ट्यूब इन्व्हर्टरवर असतात, प्लग नसतात. कॅनिस्टर, राउटर आणि कॅमेरा मिळून पन्नासेक वॉटच्या आत असतात, हे एवढंच त्यावर घेतलं तर नेहमीची मोठी बॅटरी दिवसभर पुरते. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. इन्व्हर्टर नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप लावा. माशांच्या दृष्टीने या सगळ्यात सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. पाणी गरम झालं की त्यात हवा कमी मावते. २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.२ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला ७.५. बंद फ्लॅटमध्ये पाणी ३० ला सहज जातं. थर्मामीटरवर ३२ दिसलं तर टँकचा लाइट बंद करायचा आणि एअर पंप चालू करायचा.

हे दोन्ही गावाहून करता यावं म्हणून स्मार्ट प्लग घेता येतो. लाइट आणि जास्तीचा एअर पंप त्यावर लावा. फिल्टर कधीही स्मार्ट प्लगवर लावू नका, तो थेट सॉकेटला हवा. वीज आल्यावर काही प्लग बंदच राहतात. त्यांच्या सेटिंगमध्ये वीज परतल्यावर 'चालू' राहण्याचा पर्याय असतो, तो आधी निवडा. फिल्टरच्या बाबतीत मात्र तेवढीही जोखीम नको. कॅनिस्टर तासन्‌तास बंद राहिला की आतल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, ते मरायला लागतात, आणि नंतर फिल्टर सुरू झाला की ते कुजलेलं पाणी टँकमध्ये येतं. म्हणून फिल्टर अर्ध्या दिवसाहून जास्त बंद होता असं रेकॉर्डिंगमध्ये दिसलं तर तो गावाहून फोनवर सुरू करायला लावू नका. एअर पंपावर चालू द्या, परत आल्यावर धुऊन लावा.

सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खाली गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. कॅमेऱ्याची नवीन वायर लावताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

आणि एक आपल्या घरांतली सवय. गावाला निघताना कुणीतरी मोठ्या माणसाने मेन स्विच बंद करायचा, ही पद्धत. वाशीला एका घरी सगळी तयारी नीट झाली होती, आणि आजोबांनी दार ओढण्याआधी नेहमीप्रमाणे मेन पाडला. सुदैवाने पनवेलच्या पुढे गेल्यावर मुलाने कॅमेरा बघितला आणि भाऊ जाऊन चालू करून आला. मेन स्विचवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा: 'फिशटँक चालू आहे, बंद करू नये.' गॅस आणि पाण्याचा व्हॉल्व्ह जरूर बंद करा.

खाण्याचं थोडक्यात. तुमचे मासे मोठे आणि धडधाकट असतील तर ११ दिवसांत दोन-तीनदा खाणं पुरतं. तेही देणाऱ्याच्या हातात डबा देऊ नका. औषधाच्या गोळ्यांची वारांची डबी असते, तिच्या तीन कप्प्यांत मोजून पेलेट्स भरा आणि डबा कपाटात ठेवा. कासारवडवलीच्या एका घरी शेजारचा मुलगा प्रेमाने रोज मूठभर खाणं टाकत होता. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात पाणी दुधाळ दिसायला लागलं, तेव्हा आम्ही धावलो. स्वयंचलित फीडर पावसाळ्याच्या दमटपणात दगा देतो. फ्लेक्स ओलसर होऊन गोळा होतो आणि एकतर काहीच पडत नाही किंवा एकदम सगळं पडतं.

किल्ली असलेल्या माणसासाठी कामं तीनच ठेवा: एअर पंपाचा स्विच चालू करणं (त्या स्विचवरही एक लाल टिकली लावा), ठरवलेला कप्पा रिकामा करणं, आणि तुम्ही सांगाल तेव्हा बादलीत आधीच क्लोरीन काढून ठेवलेलं पाणी टिकलीपर्यंत घालणं. थेट नळाचं पाणी नाही. एवढंच कागदावर लिहून टँकला चिकटवा आणि एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा.

तारखा अशा धरा. नवीन मासे निघण्याच्या १५ दिवस आधीपासून बंद. फिल्टर ८-१० दिवस आधी धुवा, आदल्या रात्री कधीच नाही, कारण उघडलेल्या कॅनिस्टरचं रबर नीट बसलं नाही तर गळती एक-दोन दिवसांनी दिसते. दोन दिवस आधी एक तृतीयांश पाणी बदला. लाइट टायमरवर ६ तास करा, आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल तर बंद करून जा.

निघण्याच्या चार दिवस आधी रंगीत तालीम घ्या. वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर कॅमेरा बघा, कमी दर्जाच्या चित्रावर. गावी तेवढीच रेंज मिळेल असं धरा. मग घरातला मेन स्विच अर्धा तास बंद करून परत चालू करा आणि हात न लावता काय काय आपोआप परत येतं ते बघा: फिल्टरमध्ये हवा अडकली का, टायमरचं घड्याळ मागे पडलं का, कॅमेरा जोडला गेला का. राउटर अधूनमधून हँग होत असेल तर त्याला साधा टायमर लावून रोज पहाटे १५ मिनिटं बंद राहू द्या. नेरूळच्या एका ओळखीच्यांनी कॅमेरा ऑफलाइन दिसतोय म्हणून रात्री बारा वाजता शेजाऱ्यांना उठवलं होतं. टँक ठीक होता, राउटरच अडकला होता. कॅमेरा दिसेनासा झाला तर आधी शेजाऱ्यांना फोन करून इमारतीत वीज आहे का एवढं विचारा. वीज असेल तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही.

परत आल्यावर बॅगा खाली ठेवल्या की सरळ खाणं घालू नका. आधी मासे मोजा, थर्मामीटर बघा, फिल्टरच्या पाइपला हात लावून प्रवाह बघा. संध्याकाळी नेहमीच्या निम्मं खाणं द्या, आणि दुसऱ्या दिवशी २५ टक्के पाणी बदला. कॅमेऱ्याची चौकट जमली की तिचा एक स्क्रीनशॉट इथे टाका, आउटलेट आणि पाण्याची रेघ नीट येतेय का ते मी बघून सांगतो.